‘मार खाशील’ – ‘नको, पोट भरलंय’: छोट्यांच्या बोलण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालवाडी सुटायच्या वेळी दारात जमलेले आईबाबा आणि आजीआजोबा जे विचारतात, तेच इथे एकत्र केलं आहे. मुलांचं वय साधारण अडीच ते सात. किस्से काही बालवाडीतले, काही शेजारपाजारचे. मुलांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

‘मार खाशील’ म्हटलं की आमचा मुलगा म्हणतो, ‘नको, माझं पोट भरलंय.’ चेष्टा करतोय का?

साडेतीन-चारचा असेल तर नाही. त्याच्या लेखी खाणं म्हणजे तोंडात घालणं, चावणं आणि गिळणं. आपण मराठीत काय काय खातो ते एकदा आठवून बघा. मार खातो, शिव्या खातो, हवा खातो, भाव खातो, दुसऱ्याचं डोकं खातो, पाण्यात गटांगळ्या खातो आणि काही साहेबलोक पैसे खातात. (‘मग त्यांचं पोट दुखत नाही?’ हा प्रश्न एका मुलीने पेपर वाचणाऱ्या आजोबांना विचारला होता. आजोबांनी पेपरची घडी घातली.) ‘धम्मकलाडू’ आणि ‘चापटपोळी’ ही तर नावावरून पक्वान्नंच. ‘देऊ का एक धम्मकलाडू?’ असं दरडावल्यावर ‘बेसनाचा?’ असं उत्तर आलं, तर त्यात उद्धटपणा शोधू नका.

गंमत अशी की सगळेच वाक्प्रचार मुलांना अडत नाहीत. ‘भूक लागली’ हे दोन वर्षांचं मूलसुद्धा बिनचूक म्हणतं, कारण ते त्याने दिवसातून दहादा ऐकलेलं असतं आणि त्याच वेळी पोटातही काहीतरी होत असतं. पण त्याच ‘लागणे’चे बाकीचे संसार बघा: ठेच लागते, फोन लागतो, दृष्ट लागते, घाटात गाडी लागते. आमच्या शेजारच्या आजी दुपारी चहाला उशीर झाला म्हणून सुनेला म्हणाल्या, ‘अगं, जरा डोळा लागला होता.’ हे ऐकून नातू मलमाची ट्यूब घेऊन आला, आजीची हनुवटी धरून चेहरा वर केला आणि ‘कुठला? हा की हा?’ असं विचारून दोन्ही डोळ्यांवर फुंकर घातली. त्याला शब्द कळले होते, काळजीही कळली होती. राहिली होती फक्त मराठी भाषेची खोड.

मग वाक्प्रचार कधी कळायला लागतात?

गोष्टीच्या ओघात आले तर पाच-सहाव्या वर्षापासून थोडेथोडे. सुटे विचारले तर बऱ्याच उशिरा. शाळेत ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ सुरू होतं तेव्हाही ‘कंबर कसणे: बाबांनी पट्ट्याने कंबर कसली’ अशी वाक्यं येतातच. मला विचाराल तर त्या वाक्याला अर्धा गुण द्यायला हरकत नाही.

मुलगी आधी ‘बाबा गेला’ असं नीट म्हणायची. आता ‘बाबा जाला’, ‘मी करलं’, ‘मी येलो’ म्हणते. विसरली का?

उलट पुढे गेली. हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दोन वर्षांचं मूल ‘गेला’ हा शब्द अख्खाच्या अख्खा उचलतं. त्याचा ‘जा’शी काही संबंध आहे हे त्याच्या गावी नसतं. पुढे वर्षभर ते ऐकत राहतं: हस-हसला, बस-बसला, रड-रडला, पड-पडला. मग त्याच्या मनात नियम बसतो आणि नियम हाती आला की ते तो सगळीकडे चालवून बघतं. जा-जाला, कर-करलं, दे-देलं, ये-येलो. आपल्या भाषेत नेमकी रोजची क्रियापदंच वाकडी आहेत: केलं, गेलं, आलं, दिलं, घेतलं. तिथे नियम आपटतो आणि आपण हसतो.

विचार करा, ‘करलं’ हा शब्द तिने ऐकला कुठे? घरात तसं कोणी बोलत नाही. म्हणजे तिने तो स्वतः घडवला. जीन बर्को या अमेरिकी संशोधिकेने १९५८ साली हेच दाखवून दिलं. तिने पक्ष्यासारखा दिसणारा एक काल्पनिक प्राणी काढला, त्याला ‘वग’ असं नाव दिलं आणि मुलांना विचारलं: हा एक वग, आता इथे आणखी एक आलाय, तर हे दोन कोण? चार ते सात वर्षांच्या मुलांनी इंग्रजीच्या नियमाने ‘वग्ज’ असं उत्तर दिलं. तो शब्द त्यांनी जन्मात ऐकलेला नव्हता, तेव्हा पाठांतराचा सवालच नव्हता.

हा खेळ मराठीत घरी करून बघा. कागदावर एक वेडंवाकडं चित्र काढा आणि म्हणा, ‘हा टिमका. इथे आणखी एक आला. आता हे दोन…?’ मूल म्हणेल ‘टिमके’. मग ‘ही भोपी, आणि या दोन…?’ चार-पाच वर्षांची बरीच मुलं ‘भोप्या’ म्हणतात. व्याकरणाचं पुस्तक न उघडता!

‘जाला’ पुन्हा ‘गेला’ होतो, आपोआप. कोणाचं सहा महिन्यांत, कोणाचं दीड-दोन वर्षांत. आणि एक: ‘म्हणलं’, ‘पिलो’ असली रूपं मोठी माणसंही बोलतात, ती त्या त्या भागाची बोली आहे. मूल आजोळची बोली बोलत असेल तर त्याला ‘अशुद्ध’ म्हणून टोकू नका.

मुलगा ‘मी येते’, ‘मी खाते’ असं बोलतो. सगळे हसतात. काय करावं?

हसणाऱ्यांना गप्प करावं. मुलाने फक्त जे ऐकलं ते घेतलं आहे. दिवसभर त्याच्या आसपास आई, आजी, सांभाळणाऱ्या मावशी आणि अंगणवाडीच्या ताई. ‘मी येते हं’, ‘मी देते थांब’, ‘मी बघते.’ बाबा रात्री आठला येणार आणि मोबाइल घेऊन बसणार. ‘मी’नंतर ‘येते’च लागतं, असं त्या मुलाने ठरवलं तर त्याच्या पुराव्यात खोट कुठे आहे? जी मुलगी बाबांच्या अंगाखांद्यावर वाढते ती ‘मी जातो’ म्हणते, तिचं मात्र कौतुक होतं. कोल्हापूर-बेळगावकडे तर मोठ्या बायकाही सर्रास ‘मी येतो’ म्हणतात.

बाबांनी रोज थोडं बोलत खेळलं की हे सुटतं. समवयस्क मुलांत मिसळल्यावर आणखी लवकर. ‘मुलीसारखं काय बोलतोस’ हे वाक्य तेवढं घरातून हद्दपार करा.

तो-ती-तेचा गोंधळही असाच. दगड तो, भिंत ती, दार ते. याला कारण मागितलं तर तुम्ही काय देणार आहात? ‘पेन’ तो की ते, यावर मोठ्यांचंही एकमत नाही.

चुकीचं बोललं की लगेच दुरुस्त करावं का?

‘चूक! परत म्हण’ असं नको. तिने ‘मी पोळी खाल्लो’ म्हटलं की आपण सहज म्हणायचं, ‘अरे वा, तू पोळी खाल्लीस? आणि भाजी?’ बरोबर रूप कानावर पडलं, गप्पाही तुटल्या नाहीत.

खरं तर बहुतेक आईबाबा व्याकरण दुरुस्त करतच नाहीत, खरंखोटं दुरुस्त करतात. रॉजर ब्राउन आणि कॅमिल हॅनलन यांनी १९७० साली हे नोंदवलं होतं. आपल्या घरातही तेच चालतं. ‘मी दूध पिली’ चालून जातं. पेला भरलेला असताना ‘मी दूध प्यायले’ असं शुद्ध मराठीत सांगितलं की मात्र ओरडा बसतो.

उच्चारांची गोष्ट आणखी मजेशीर. ‘कावळा’ला ‘तावळा’ म्हणणाऱ्या मुलाशी लाडाने ‘कुठे आहे तावळा?’ असं बोलून बघा. तो चिडतो. ‘तावळा नाही! तावळा!’ त्याच्या कानाला फरक बरोबर कळतो, जीभ तेवढी मागे असते. म्हणून मुलाशी बोबडं बोलू नये.

‘उद्या जाऊ’ म्हटलं की आमच्याकडे रडारड होते. उद्या म्हणजे काय ते कसं समजावू?

‘झोपून उठलास की उद्या’ असं तुम्हीच सांगितलेलं असतं. दुपारची झोप काढून मूल उठतं, चपला घालतं आणि दारात उभं राहतं: ‘झाला उद्या. चला राणीच्या बागेत.’ यात त्याचं काय चुकलं?

अडीच-तीन वर्षांच्या मुलांसाठी ‘काल’ म्हणजे सगळा भूतकाळ. ‘मी काल बाळ होतो’ हे वाक्य त्यातलंच. त्यात आपला ‘परवा’ दोन्हीकडे तोंड करून बसलेला. परवा गेलो होतो आणि परवा जाऊ, दोन्ही ‘परवा’च! मोठ्यांना क्रियापदावरून दिशा कळते, छोट्यांना नाही.

त्यापेक्षा रात्री मोजा. ‘तीन रात्री झोपायचं, मग मामाकडे.’ भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज सकाळी त्याच्याच हाताने एक फुली मारून घ्या. आणि जिथे जायचंच नाही त्याला ‘उद्या’ म्हणू नका. मुलं हे लक्षात ठेवतात.

घरात आजोबा गेले. ‘देवाघरी गेले’ असं सांगितलं, तर नात देवघरात शोधायला लागली.

हे मी स्वतः पाहिलं आहे. शेजारच्या घरातले आजोबा गेले तेव्हा नात चार वर्षांची होती. सगळे जण तिला ‘देवाघरी गेले’ असंच सांगत होते. दहाव्याच्या आसपास एके दुपारी ती स्वयंपाकघरातल्या लाकडी देव्हाऱ्यासमोर बसली होती. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, टाक, शंख, सगळं तिने बाहेर काढून फरशीवर ओळीने मांडलं होतं. खालचा कापूर-वातींचा खणही ओढला होता. आजी आल्या तशी ती म्हणाली, ‘इथे नाहीयेत.’ मग थोड्या वेळाने, ‘चष्मा तर इथेच ठेवलाय त्यांनी. तिकडे दिसेल कसं?’

त्या क्षणी कोणी हसलं नाही, पण नंतर हा किस्सा ‘गोड’ म्हणून फिरला. ती मुलगी मात्र खरोखर शोधत होती.

मृत्यूबद्दल मुलांशी सरळ शब्दांत बोलावं. ‘आजोबा वारले. त्यांचं शरीर बंद पडलं. आता ते श्वास घेत नाहीत, त्यांना भूक लागत नाही, दुखतही नाही. ते परत येणार नाहीत.’ श्रद्धा असेल तर यानंतर देवाघरचं जरूर सांगा, पण याच्याऐवजी नको. ‘झोपले’ असं तर मुळीच म्हणू नका, काही मुलं मग झोपायला घाबरतात. ‘लांब गावाला गेले’ म्हटलंत तर बाबा टूरला निघाले की घरात आकांत. ‘तारा झाले’ म्हटलंत तर पावसाळ्यात चार महिने आभाळ भरलेलं असतं, तेव्हाचं उत्तर तयार ठेवा.

मेलेलं माणूस परत येत नाही आणि हे सगळ्यांच्या वाट्याला येतं, हे साधारण पाच ते सात या वयात उमगत जातं. तोवर तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येईल. दर वेळी तेच उत्तर, त्याच शब्दांत.

मी गरोदर आहे. मुलगा विचारतो, ‘तू बाळ का खाल्लंस?’

पोटात जे असतं ते खाल्लेलं असतं, हा त्याचा अनुभव आहे. ‘जेवण जातं ती पिशवी वेगळी आणि बाळ राहतं ती वेगळी, तिचं नाव गर्भाशय,’ एवढं पुरतं. एका मुलाने आईला गरम चहा पिऊ दिला नव्हता, बाळाच्या डोक्यावर पडेल म्हणून.

आजीचा फोन आला की मुलगी नुसती मान हलवते. आजीला वाटतं, बोलतच नाही.

ती बोलते आहे, मानेने. ‘जेवलीस का?’ मान हो. ‘काय जेवलीस?’ ताटाकडे बोट. आजीला हे दिसत नाही, ही कल्पना तिला अजून करता येत नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी लहान मुलांच्या या स्वभावावर खूप लिहिलं: आपल्याला दिसतं तेच समोरच्याला दिसतं, असं त्यांना वाटतं. डोळे मिटून ‘मी लपलो’ म्हणणारी मुलं त्याच गटातली. आता व्हिडिओ कॉलमुळे मान हलवलेली दिसते, पण लाडू स्क्रीनला चिकटतो.

‘किती वेळा सांगितलं तुला?’ यावर ‘तीनदा’ असं उत्तर मिळतं. हा उद्धटपणा नाही का?

प्रश्न विचारलात, उत्तर मिळालं. त्याने मोजलंही असेल. ‘परत करशील असं?’ – ‘हो.’ ‘दिसत नाही का तुला?’ – ‘दिसतं.’ चिडलेल्या एका बाबांनी ‘मी काय वेडा आहे?’ असं विचारलं तेव्हा त्यांच्या पठ्ठ्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, ‘थोडासा.’

प्रश्नाच्या रूपात दिलेली आज्ञा आणि टोमणा, दोन्ही या वयाला पोचत नाहीत. ‘पाणी आणतेस का?’ यावर ‘नाही’ हे प्रामाणिक उत्तर आहे, कारण तुम्ही पर्याय दिलात. पाणी हवंच असेल तर ‘पाणी आण’ म्हणा. सांडलेल्या दुधाकडे बघत ‘वा! शहाणाच आहेस!’ म्हणालात तर मूल खुलतं, म्हणतं ‘हो’ आणि मग पाठीत धपाटा बसल्यावर त्याला जगाचं काही कळेनासं होतं. उपरोध कळायला साधारण सहावं-सातवं वर्ष उजाडतं.

‘बाबा म्हणतायत की बाबा घरी नाहीत’ हा किस्सा घरोघरी आहे, त्यामुळे तो पुन्हा सांगत नाही. त्यामागचं कारण मात्र वाचण्यासारखं आहे. खोटं बोलायचं तर दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळी माहिती आहे हे कळावं लागतं. हाइन्झ विमर आणि योसेफ पर्नर यांनी १९८३ साली मुलांना एक गोष्ट सांगितली: मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो, मागे आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. मुलगा परत आला की कुठे शोधेल? छोटी मुलं म्हणतात, दुसऱ्या कपाटात. चॉकलेट तिथेच तर आहे! चारच्या पुढे हळूहळू बरोबर उत्तर यायला लागतं. तोवर दारातल्या वसुलीवाल्याला मुलाकडून निरोप देऊ नये, हे व्यवहाराच्या दृष्टीनेही बरं.

नाती कशी समजवावीत? मुलगी म्हणते, ‘आजी बाबांची आई कशी असेल? ती तर आजी आहे.’

नातं म्हणजे त्या माणसाचं नाव, असं तिला वाटतं. पियाजे यांनी भावंडांबद्दल मुलांना विचारून हेच पाहिलं होतं. ‘तुला भाऊ आहे?’ – ‘हो.’ ‘तुझ्या भावाला बहीण आहे?’ – ‘नाही.’ घरी विचारून बघा, चार वर्षांच्या मुलीकडून हमखास हेच येईल.

आपण या गुंत्यात भर घालतो. चांदोबा मामा, चौकातला ट्रॅफिक हवालदारही मामा. ‘आईला किती भाऊ आहेत!’ असा निष्कर्ष एका मुलाने काढला आणि भाऊबीजेला हे सगळे का येत नाहीत असं विचारलं. मांजर वाघाची मावशी, म्हणजे वाघाच्या आईची बहीण, म्हणजे वाघाची आई मांजर! हा हिशेब त्याच मुलाने रिक्षात बसल्या बसल्या मांडला. मला त्यात कुठेही चूक सापडली नाही.

मूल पडलं की आम्ही ‘काही नाही, मुंगी मेली’ म्हणतो. आता ते मुंगीसाठी रडतं.

रडणारच. पडलं ते पडलं, वर हातून एक जीव गेला. भिंतीला ‘हात रे, आमच्या बाळाला मारतेस?’ म्हणून चापट्या मारणं त्याच जातीचं. मुलं मुळातच चंद्र, ढग, चेंडू यांना जीव आहे असं मानतात आणि आपण भिंतीलाही गुन्हेगार ठरवतो. ‘लागलं का? बघू’ एवढं पुरे.

‘हा घास चिऊचा’ म्हणून भरवलं की मुलगा तो घास खिडकीत नेऊन ठेवतो.

चिऊचाच आहे ना? एकीने तर हिशेब मागितला होता: ‘चिऊचा झाला, काऊचा झाला, माझा कुठाय?’ ‘हा शेवटचा’ म्हणून चार घास भरवणाऱ्यांनाही ‘शेवटचे किती असतात?’ हे ऐकावं लागतं. पोट भरलं असेल तर थांबा.

अठ्ठावीसनंतर मुलगा ‘वीस-नऊ, वीस-दहा’ म्हणतो. गणित कच्चं राहील का?

छे. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस म्हणेपर्यंत ‘वीस’ ऐकू येत असतो आणि एकोणतीसला एकदम तीस पुढे येऊन बसतो. एक उणा तीस, हे वजाबाकी न शिकलेल्याला कसं उमगावं? २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला होता. मोठी माणसं तावातावाने भांडली. छोट्यांनी मात्र ती पद्धत स्वतःच्या बुद्धीने केव्हाच काढलेली असते. जोडीला दोन्ही म्हणू द्या.

आरतीचे शब्द भलतेच म्हणते. दुरुस्त करावं का?

आधी मोठ्यांना करा. ‘फणिवरबंधना’चं ‘फळीवर वंदना’ आणि ‘संकटी पावावे’चं ‘संकष्टी पावावे’ हे दर गणपतीत टाळ्या वाजवत खड्या आवाजात म्हणणारे काका-मामा मुलांनीच ऐकलेले असतात. कानाला अनोळखी शब्द आला की मेंदू त्याला ओळखीचा करून घेतो. गणपती फळीवरच तर बसवलेला असतो! सहा-सातच्या मुलांना एकेका ओळीचा अर्थ सांगितला की शब्द जागेवर येतात.

एसटीत मोठ्याने विचारलं, ‘आई, या काकूंच्या पोटात किती बाळं आहेत?’ मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकूंकडे बघून ‘माफ करा हं’ म्हणा आणि मुलाला हळू आवाजात सांगा, ‘कोणाच्या शरीराबद्दल विचारायचं असेल तर माझ्या कानात विचार.’ फटका नको, डोळे वटारणं नको. टक्कल, काठी, चट्टे, जाडी हे सगळं त्याला फक्त दिसतंय, त्यामागे खोचकपणा नाही. घरी गेल्यावर मात्र उत्तर द्या, नाहीतर पुढच्या एसटीत तोच प्रश्न.

पाहुण्यांसमोर ‘तू म्हणाली होतीस ना, हे कधी एकदा जातात’ असं झालं, तर त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

घरात मराठी, शाळेत इंग्रजी, शेजारी हिंदी. मूल ‘मी फॉल झाले’ म्हणतं. गोंधळ होतोय का?

नाही. दोन-तीन भाषांत वाढणारी मुलं शब्द मिसळतात, तशी आपणही मिसळतो. त्यामुळे बोलणं खुंटत नाही. बंगळुरूत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी तर घरची मराठी सोडूच नये. आजीशी भांडायला दुसरी भाषा कामाची नाही.

काळजी कधी करावी?

शब्दशः अर्थ घेणं, ‘करलं’-‘येलो’, तो-तीचा गोंधळ ही काळजीची लक्षणं नव्हेत. याकडे मात्र लक्ष द्या: हाक मारली तरी वळून बघत नाही, दोन वर्षं झाली तरी ‘आई ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द जोडत नाही, तीन वर्षांनंतरही घराबाहेरच्यांना त्याचं बहुतेक बोलणं कळत नाही, आधी बोलायचं ते शब्द गेले. यातलं काहीही असेल तर ‘त्याचे बाबाही उशिरा बोलले होते’ म्हणत वाट बघू नका. आधी कान तपासा. सततच्या सर्दीने कानात पाणी साठलं तरी ऐकू कमी येतं.

आठ-नऊच्या पुढेही थट्टा, टोमणा, सूचक बोलणं अजिबात कळत नसेल आणि त्यामुळे मित्रांत मिसळणं अडत असेल, तर बालविकास तज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत तपासणीला येतात आणि पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तिथे उपचार मोफत असतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाणी व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे.

असे किस्से जपून कसे ठेवावेत? रील केली तर चालेल?

वही करा. तारीख, वय, आधी कोण काय म्हणालं आणि मग मुलाचे शब्द, जसेच्या तसे. आपण सुधारून लिहिलं की मजा जाते. ‘येलो’ला ‘आलो’ करू नका.

रीलबद्दल माझं मत चांगलं नाही. कॅमेरा समोर धरून ‘म्हण ना परत, म्हण ना’ सुरू झालं की मूल बोलायचं थांबतं आणि करून दाखवायला लागतं. शिवाय ज्यावर चार अनोळखी माणसं हसणार, ते त्याने विश्वासाने तुम्हाला विचारलेलं असतं.

मुलगी आता बारा वर्षांची आहे. तिचे लहानपणचे किस्से नातेवाइकांना सांगितले की चिडते.

मग तिला विचारून सांगा. देवघरात आजोबांना शोधण्यासारखे किस्से तिच्या परवानगीशिवाय नकोच. बाकीच्यांत तिला वही वाचायला द्या; बहुतेक मुलं आधी ‘शी, मी असं बोलायचे?’ म्हणतात आणि मग रात्री उशिरापर्यंत तीच वही घेऊन बसतात. काही पानं फाडायला मागितली तर फाडू द्या.